आमची हरकत न्हाई

लोकसभेच्या निवडणुकीचं नाव काढलं की हल्ली मला जांभई येते. खोटं कशाला बोलू? ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं बूथवर एजंट म्हणून बसून काढली त्यानं असं म्हणू नये, पण कंटाळा आलाय राव. भोंग्याची गाडी पिंपरी पेंढारच्या फाट्यावरून आत वळली की मी पाण्याची मोटार बघायचं निमित्त काढतो आणि विहिरीकडं निघून जातो.

आमच्या मतदारसंघाची हकिगत सरळ नाही. आधी आम्ही जुन्नर-आंबेगाववाले खेड लोकसभेत होतो. मग वर बसून कुणीतरी नकाशावर रेघा ओढल्या, आणि आम्ही उठून बघतो तर शिरूरमध्ये. शेत तेच, बांध तोच, बांधावरचं भांडण तेच, फक्त मतदारसंघाची पाटी बदलली. शिवाय पुण्याला चिकटलेली हडपसर न् भोसरी आणून आमच्याच दावणीला बांधली. तेव्हापासून आम्ही दोन तालुक्यांनी घसा कितीही कोरडा केला तरी निकाल शहराकडं तोंड करूनच लागतो. कांद्याचा भाव, बिबट्याचा त्रास आणि नाशिकची रेल्वे, ही भाषणं मात्र आमच्या वाट्याला. रेल्वे तर मी चड्डीत होतो तेव्हापासून येतेय. आमची आई म्हणायची, "मी नवरी हून आले तवा बी येतच व्हती."

या निवडणुकीच्या नादाची सुरुवात मात्र पुण्यात झाली. मी तिथं कॉलेजात शिकायला होतो. माझा थोरला भाऊ, दादा, घरची शेती बघायचा. तो कधीमधी भाजीच्या ट्रकबरोबर मार्केट यार्डात यायचा आणि माल उतरवून झाला की माझ्या हॉस्टेलवर. असाच एकदा आला, तर पुण्याच्या लोकसभेची धामधूम चाललेली. एका मित्राची सायकल मागून घेतली, दादानं पायडल मारले, मी मागं बसलो आणि आम्ही नदीपात्रातल्या सभेला गेलो. विद्यापीठाचं गाव ते! आमच्या शेजारी बसलेल्या एका पेन्शनर आजोबांनी वक्त्याचा एक शब्द चुकला म्हणून मोठ्यानं "अहो, काय हे!" केलं होतं. दादा तर तोंडाचा आ करून ऐकत होता. परत येताना म्हणाला, "बोलत्यात राव ही माणसं! ऐकत ऱ्हावं असं."

त्या शहरानं पुढं एकाला डोक्यावर घेतलं, दुसऱ्याला घरी बसवलं, मग दुसऱ्याला डोक्यावर घेतलं. आम्ही गावात बसून पेपरातून सगळं वाचायचो. पुण्यात म्हणे पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्याबरोबर चहा पितो. खरंखोटं देव जाणे. आम्ही दोघा भावांनी तिथलं भाषण तेवढं उचलून आणलं, चहा तिथंच राहिला. आज माझी मुलगी पुण्यात असते, तिचं मतही तिथंच आहे. ती म्हणते, "बाबा, आमच्या सोसायटीत कोण कुणाला मत देतं ते कुणी विचारतसुद्धा नाही." मी म्हणतो, "सुखी आहात बाई."

तर आम्ही दोघं गावाकडं दोन पार्ट्यांत वाटले गेलो. दादाची ऊठबस दूध डेअरीवाल्यांत, ती माणसं एका बाजूची. माझी ऊठबस नारायणगावच्या बाजारात, तिथले माझे दोस्त दुसऱ्या बाजूचे. एवढंच कारण. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. मागाहून आम्ही त्याला तत्त्वाचं लुगडं नेसवलं, ती गोष्ट वेगळी.

एका निवडणुकीत दादाची बाजू जिंकली. गुलाल, हलगी, ट्रॅक्टर, सगळं काढलं त्यांनी. हरलेल्याच्या दारात मिरवणूक जरा जास्त वेळ थांबवायची हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. त्याला कुणी वाईट म्हणत नाही, आपल्या दारात थांबेपर्यंत. त्या दिवशी ती आमच्या दारात थांबली. माइकवर कुणीतरी माझ्या नावानं काहीतरी पचकलं. काय पचकलं ते मी विसरलो. पण दादा हसला, ते नाही विसरलो. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी ओट्यावर आलो आणि सगळ्या गावादेखत ओरडलो, "आजपासनं या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई!"

हलगी थांबली. दादानं डोक्यावरचा गुलाल झटकला. म्हणाला, "न्हाई ठेवत. जा."

झालं. एवढ्यावर सगळं आटपलं. बरं, आमच्या जमिनीची वाटणी कधीच झालेली. दादा रस्त्याच्या मळ्यात घर बांधून राहत होता, आईवडील माझ्याकडं जुन्या घरात. वाटणीच्या वेळी एक शब्द वाढला नव्हता. लोक बांधावरून भावाचं डोकं फोडतात, त्यात निदान बांध तरी मिळतो. आमचं फाटलं ते ज्यांना आमच्या गावाचा रस्ता विचारत यावं लागतं अशा माणसांपायी. काय म्हणायचं याला?

दादा शब्दाचा पक्का. वडील गेले तेव्हा आला, अंगणात उभा राहिला. वडिलांना बाहेर आणल्यावर त्यानं खांदा दिला, अग्नी दिला, थोरल्यानं करायचं ते सगळं केलं. दहा दिवस अंगणातल्या मांडवात बसला. आत आला नाही. मी बोलावलं नाही. पाहुण्यारावळ्यांनी दोघांना बाजूला घेऊन समजावलं, आम्ही दोघांनीही मान खाली घालून ऐकलं आणि दोघंही होतो तिथंच राहिलो. आई कोपऱ्यातून बघत होती.

नंतर दर बाजाराच्या दिवशी दादा यायचा, ओट्यावर बसायचा. आई बाहेर जाऊन त्याच्याशी बोलायची, चहाचा कप उंबऱ्यावरून बाहेर द्यायची. मी आतल्या खोलीत पेपर वाचायचो, म्हणजे धरायचो. दरम्यान मी घर दुरुस्त केलं. आमचं जुनं दार ठेंगणं होतं, मोठ्या माणसाला वाकूनच आत यावं लागायचं. ते काढून उंच दार बसवलं. उंबरा मात्र आईनं काढू दिला नाही. म्हणाली, "उंबऱ्याला हात लावायचा न्हाई. त्याचं काम व्हायचंय अजून." म्हातारी माणसं काहीबाही बोलतात, म्हणून मी सोडून दिलं.

आता बूथचं सांगतो. इतक्या वर्षांत लोकसभेच्या मतदानाचा दिवस तेवढा असा, की आम्ही दोघं भाऊ एका बाकावर बसायचो. ग्रामपंचायतीला भावकीच्या भीतीनं दोघंही लांब राहायचो, आणि विधानसभेला दादाची माणसं त्याला दुसऱ्या गावात पाठवायची. लोकसभेला मात्र तो त्याच्या उमेदवाराचा एजंट, मी माझ्या उमेदवाराचा, आणि शाळेच्या खोलीत एजंटांना बाक एकच.

सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी मशीन तपासायला खोटी मतं द्यायची असतात. एजंटांनी बटणं दाबून बघायची, मोजून घ्यायची, मशीन पुसून कोरं झालं की सही करायची. आमच्या सह्या एकाखाली एक, आडनाव एकच. केंद्राध्यक्ष दर वेळी विचारायचे, "भाऊ भाऊ का?" आम्ही दोघं एका तोंडानं म्हणायचो, "भावकीतले."

एजंटाचं काम सोपं आहे. दारातून आलेला माणूस तोच आहे का बघायचं. शंका आली तर हरकत घ्यायची, नाहीतर मान हलवायची. आमची गाडी मानेवर थांबत नसे. दादा साहेबांकडं बघून म्हणायचा, "साहेब, इचारा त्यांना, काय हरकत?" मी साहेबांकडंच बघून म्हणायचो, "साहेब, सांगा त्यांना, आमची हरकत न्हाई." आमच्यात हातभर अंतर, आणि साहेब समोरच्या टेबलाशी. बिचारे दुपारपर्यंत कावून जायचे. एक साहेब म्हणालेसुद्धा, "अहो, तुम्हाला दोघांना ऐकू येत नाही का?"

दुपारी दोन्ही पार्ट्यांची पुरीभाजीची पार्सलं यायची. ती आम्ही दुसऱ्यांना देऊन टाकायचो, कारण घरून आईचा डबा यायचा. एकच डबा, कप्प्यांचा, उभा. वरचे कप्पे दादाचे, खालचे माझे, असं आईनं ठरवलेलं. वरचे काढल्याशिवाय खालचे निघत नाहीत. म्हणजे दादानं आधी वाढून घ्यायचं, मग डबा माझ्याकडं सरकवायचा, आणि माझं झालं की रिकामे कप्पे मला त्याच्याकडून घ्यावे लागायचे, नाहीतर डबा बंदच व्हायचा नाही. शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही हे सगळं न बोलता पार पाडायचो. एकदा त्यानं स्वतःच्या कप्प्यातलं ठेच्याचा लिंबाएवढा गोळा माझ्या भाकरीवर ठेवला. मी खाल्ला. त्यावर चर्चा झाली नाही.

मशीन सील करून मी घरी यायचो तर आई दारातच. कोण येतंय, कोण पडतंय, काही विचारायची नाही. विचारायची, "खाल्लं का दोघांनी?" आणि लगेच, "पुढची कधी हाय?" मला वाटायचं, म्हातारीला राजकारणाचा केवढा नाद!

मग वरती जे व्हायचं ते झालं. पक्ष फुटले, चिन्हं गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. आमच्याकडं असं झालं की ज्या पुढारी साहेबांपायी मी भावाला उंबरा बंद केला, ते एका सकाळी गळ्यात दुसरा पंचा घालून दादाच्या पार्टीच्या स्टेजवर. हार काय, मिठ्या काय, हातात हात घालून फोटो काय! मी सवयीनं साहेबांच्या मागं गेलो. दादाचं डोकं मात्र फिरलं. त्यानं पारावर बोलून दाखवलं, "ज्याच्या इरोधात जल्मभर घसा फोडला, त्याची पत्रकं आता मी वाटू? न्हाई जमायचं." आणि तो उठून माझ्या जुन्या बाजूला गेला. म्हणजे मी दादाच्या झेंड्याखाली आणि दादा माझ्या. खेडच्या घाटात वर जाणारी एसटी आणि खाली येणारी एसटी एकमेकींना ओलांडतात, तशातली गत.

आता भांडायला राहिलं काय होतं? काहीच नाही. तरी उंबरा तसाच. गावातली तरणी मंडळी हसायची, "काका, आता तुमी कोणत्या बाजूनं बोलायचं न्हाई?" मी हसून साजरं करायचो. पण घरी येऊन पेपर उघडला आणि त्या स्टेजवरच्या मिठ्यांचा फोटो दिसला की पटकन पान उलटायचो. त्यांना उंबरे नसतात. आम्हाला होते, आणि ते आम्ही त्यांच्यासाठी खर्ची घातले. असा संताप यायचा की तो पेपर चुलीत घालावा, पण चूल गेली आणि गॅस आला, त्यामुळं तेही राहिलं.

या खेपेच्या लोकसभेला नवी सोय निघाली. पंच्याऐंशीच्या पुढच्यांनी घरी बसून मत द्यायचं, सरकारी पथक पाकिटं घेऊन घरी येणार. आईनं ते कुठून ऐकलं कोण जाणे, हटून बसली. "मी न्हाई शाळंत जायाची. माझं गुडघं दुखत्यात."

मी म्हटलं, "अगं, काल तर देवळापर्यंत तरातरा गेलीस."

"देवळाची गोष्ट येगळी. देव काय लायनीत उभं करतो का?"

"शाळा देवळाच्या अलीकडं आहे, आई."

"न्हाई म्हणजे न्हाई." आणि मग थोड्या वेळानं, लसूण सोलता सोलता, "मत घ्यायला येत्यात तवा एजंट बी येत्यात ना रं?"

"येतात की. दोन्हीकडचे."

"घरात येत्यात?"

"घरात नाहीतर काय झाडावर बसतात?" मी म्हणालो, आणि तरीही माझी ट्यूब पेटली नाही. आमच्या बूथला दादाशिवाय दुसरा एजंट त्यांच्याकडं नाही, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं.

पथक यायच्या दिवशी सकाळीच स्वयंपाकघरात खोबरं भाजल्याचा वास सुटला. बघतो तर आमच्या मंडळींनी मासवडीचा घाट घातलेला. मासवडी म्हणजे काय मरणाचा व्याप असतो ते आमच्याकडच्या बायकांना विचारा. बेसन घोटायचं, ते गरम असतानाच फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं, वड्या पाडायच्या, वर झणझणीत रस्सा. सण नाही, वार नाही, पाहुणा नाही. मी म्हटलं, "आज काय विशेष?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "आत्याबाईंनी सांगितलंय. तुमाला खरंच कळत न्हाई, का सोंग घेताय?"

मासवडी दादाची जीव की प्राण. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडला तसा मला घामच फुटला. कारण आता दादा दारात येणार, आणि आत येणं न येणं माझ्या एका शब्दावर. त्याचा शब्द त्यानं पाळला होता. आधी शब्द टाकला होता मी. आईकडं बघितलं तर ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केस चोपून, खुर्चीत बसलेली. अंगणात नाही, ओट्यावर नाही, पार आतल्या भिंतीला टेकून.

उन्हं चढल्यावर पथकाची गाडी आली. एक मॅडम, त्यांचे मदतनीस, एक पोलीस, एक कॅमेरावाला. मागं मोटरसायकलवर दादा आणि त्याच्या पार्टीचा एक कार्यकर्ता. मॅडम आत आल्या, टेबल मांडलं, पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दादा अंगणात तुळशीपाशी थांबला.

"एजंट कोण कोण आहेत?" मॅडमनी विचारलं. "आत या ना. तुमच्यासमोर सगळं व्हायला पाहिजे."

दादा म्हणाला, "मी हितनंच बघतो."

"तिथून काय दिसणार? मग उद्या हरकत घ्याल. नाहीतर असं करू, आजींना जरा बाहेर आणता येईल का?"

आतून आईचा आवाज आला, खणखणीत. "मी न्हाई बाह्येर येनार. मला ऊन सोसत न्हाई."

कार्यकर्ता दादाच्या, म्हणजे गावाच्या तात्यांच्या, कानाशी लागला. हळू बोलायची त्याला सवय नसावी, मला सगळं ऐकू आलं. "आत जा तात्या. न्हाईतर ते आत म्हातारीचं मत फिरवत्याल." म्हणजे मी! मी माझ्या आईचं मत फिरवणार! इतका राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, बडबडू दे याला काय बडबडायचं ते, पण या निमित्तानं का होईना येऊ दे.

दादानं माझ्याकडं पाहिलं. किती वर्षांनी सरळ पाहिलं असेल. म्हातारा दिसत होता. मानेची कातडी लोंबायला लागली होती, अगदी वडिलांसारखी. मला म्हणायचं होतं, ये. एका अक्षराचा शब्द. तो काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.  शेवटी मी मॅडमकडं वळलो आणि सवयीनं जे येत होतं तेच बोललो.

"मॅडम, त्यांना सांगा, आमची हरकत न्हाई."

मॅडम गोंधळल्या. "कशाला?"

"आत यायला."

 मग दादा म्हणाला, "मॅडम, इचारा त्यांना, लिहून देत्यात का?"

मला हसू फुटलं. आईशप्पथ, हसू फुटलं आणि डोळेही भरले. मी तोंड फिरवून म्हणालो, "सांगा, देतो."

दादानं पायताणं काढली, ओटा चढला आणि उंबऱ्यापाशी येऊन वाकला. चांगला कमरेत वाकला, मान खाली घालून. दार कधीचं उंच झालं होतं, दर बाजाराला ओट्यावर बसून त्यानं ते पाहिलेलं होतं. पण डोळ्याला कळलेलं पाठीला कळलं नव्हतं. जुन्या ठेंगण्या दाराला वाकायचा तसा वाकून तो आत आला आणि आत आल्यावर सरळ झाला. मी भिंतीकडं बघत राहिलो.

समोर वडिलांचा हार घातलेला फोटो. तो त्यानं आमच्या घरात कधी पाहिलाच नव्हता. दादा हात जोडून उभा राहिला. "काका, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय," कॅमेरावाला म्हणाला. बाजूला बसायला जागा एकच होती, दिवाणावर, माझ्या शेजारी. तो बसला.

आई पुठ्ठ्याच्या आड गेली. नावं वाचायची, पेनानं खूण करायची, कागद पाकिटात घालायचा, एवढंच काम. आईला ते काही उरकेना. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आजी, झालं का?"

"थांब गं बाई. बघून द्यावं म्हणत्यात ना? मंग बघती."

पुन्हा बराच वेळ गेला. दादा चुळबुळायला लागला. मधे साहेब नव्हते, मॅडम लांब होत्या. त्यानं मान न वळवता हळूच विचारलं, "हिला दिसतंय का?"

"चष्मा घातला नाही तिनं," मी म्हणालो.

तो लगेच उठला. "मॅडम, चष्मा देऊ का तिला? कोनाड्यात असल." चष्मा खरंच कोनाड्यात होता. कोनाडा मी दुरुस्तीत तसाच ठेवला होता.

"नगं," आई आतून म्हणाली. "दिसतंय मला सगळं."

पुठ्ठ्याच्या वरून तिचे डोळे दिसत होते. ती त्या कागदाकडं बघतच नव्हती. दिवाणाकडं बघत होती.

एकदाचं पाकीट बंद झालं, सह्या झाल्या, त्याच एकाखाली एक. आईनं सगळ्यांना जेवायचा आग्रह केला. मॅडम म्हणाल्या, "आजी, आम्हाला मतदाराकडं काही घेता येत नाही." दादाही पायताणाकडं वळला. "मला बी ड्युटी हाय, आई. अजून घरं हायत. पुढच्या टायमाला जेवतो."

आईनं त्याच्याकडं पाहिलं. "पुढची कधी हाय?"

"पाच वर्सांनी."

आई खुर्चीचा हात धरून बसून राहिली. पथक सामान आवरत होतं, पोलीस दारात उभा होता. मग ती म्हणाली, "लई लांब हाय रं, थोरल्या."

दादा उंबऱ्याच्या आतच उभा होता. त्यानं बाहेरच्या कार्यकर्त्याला हाक मारली. "तू हो पुढं. मॅडमबरोबर तूच जा." कार्यकर्ता म्हणाला, "आवो तात्या, पन सही..." "तुझी कर. जा म्हटलं ना."

त्या दिवशी दादा आमच्या घरात जेवला. बोलणं फारसं झालं नाही. त्यानं रस्सा दोनदा मागून घेतला, तिसऱ्यांदा बायकोनं न विचारता वाढला. आई समोर बसून त्याचं ताट बघत होती. स्वतः जेवली नाही, पोट भरलंय म्हणाली.

कोण निवडून आलं ते तुम्हाला पेपरात मिळेल. मला सांगायचा उत्साह नाही. आईनं कुणाला मत दिलं म्हणून दोन्ही बाजूंच्या माणसांनी मला खोदून खोदून विचारलं, आणि दोघांनीही ते आपल्याच खात्यात धरून टाकलं. पुढं एकदा माझ्या बायकोनं तिला विचारलं होतं. आई म्हणाली, "मला कुठं काय दिसत व्हतं? मारली रेघ कुठंतरी."

पावसाळा सरता सरता आई गेली. निवडून आलेले साहेब आले नाहीत, पडलेले आले नाहीत. कशाला येतील? दादा मात्र सगळ्यांच्या आधी आला. दारात वाकला, आत आला आणि तिच्या उशाशी बसला. दहाही दिवस तो आतच होता. मी त्याला चहा दिला तो हातात दिला.

अजून बाजाराच्या दिवशी तो येतो. आत येतो, दिवाणावर बसतो. बोलायला फार काही नसतं. जी वर्षं बोलायची होती ती गेली, आता दोघांचे गुडघे, मोटारीचा लोड आणि कांदा, एवढ्यावर तास काढतो. परवा असाच बसला होता आणि कुठल्याशा निवडणुकीची भोंग्याची गाडी दारावरून गेली. दादानं कप खाली ठेवला, मी पेपर खाली ठेवला. दोघांनीही सवयीनं आतल्या खुर्चीकडं पाहिलं. गाडी लांब गेली. पुढची कधी आहे, असं आता घरात कुणी विचारत नाही.